महादेवभाऊंचे आजार ज्याचे त्याला

ते साल दोन हजार अकरा. मला पक्कं आठवतं, कारण त्याच्या आदल्या भाद्रपदात शेजारच्या गल्लीतल्या गणपतीनं भक्तांकडे बघायचं सोडून डावीकडच्या रेशनच्या दुकानाकडे बघायला सुरुवात केली होती. आधी कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग रेशनवाल्याच्या आलं, आणि विसर्जनापर्यंत त्यानं दुकानच उघडलं नाही.

त्या गणपतीचे डोळे महादेवभाऊंनी आखले होते. महादेव धोंडू परब, आमच्या खोताच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर माझ्या शेजारच्या खोलीत राहायचे. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली तशी ते लालबागच्या एका गणपतीच्या कारखान्यात लागले. आधी माती कालवायला, मग रंगाला आणि शेवटी डोळ्यांच्या आखणीला. मूर्तीला रंग कोणीही देतो, डोळे आखणारा एकच असतो. तो पाटावर बसला की कारखान्यातला रेडिओसुद्धा बंद करतात. हा मान महादेवभाऊंना पुष्कळ वर्षं होता आणि त्यांनी तो सांभाळला. आखणीच्या दिवसांत ते मासळीला शिवत नसत. मालवणी माणसाच्या बाबतीत याहून मोठा त्याग माझ्या पाहण्यात नाही.

तर आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. कारखान्याच्या मालकानं स्पष्टच सांगितलं, "भाऊ, आषाढाच्या आत डोळे करून घ्या. नाहीतर यंदा मला दुसरा माणूस बघावा लागेल." बायको गेलेली, मूलबाळ नाही. आखणी गेली असती तर त्या माणसाला सकाळी उठायला कारण उरलं नसतं.

शस्त्रक्रिया फुकट होणार होती, माझगावच्या बाजूला एका ट्रस्टच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात. आमच्या चाळीच्या तळमजल्यावरचा डॉक्टर पितळ्यांचा दवाखानाही त्याच ट्रस्टचा. मात्र त्या वर्षापासून एक नवा नियम झाला होता. रुग्णाचा आजवरचा सगळा इतिहास संगणकात गेलेला असेल, तरच हॉस्पिटल तारीख देणार. त्यासाठी दवाखान्यात एक संगणक आला, संगणकावर प्लास्टिकचं झाकण आलं आणि झाकण काढायला गंगाधर नावाचे एक गृहस्थ आले. भिंतीवर पाटी लागली, 'नोंद पूर्ण, तर उपचार उत्तम'. मला ती पाटी फार आवडली. मी बत्तीस वर्षं महापालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीत काढली होती. इतक्या वर्षांत माझ्या हातून एकही माणूस चुकून मेला नव्हता की दोनदा जन्मला नव्हता.

"महादेवभाऊ, नोंदीचं काम माझ्याकडे," मी म्हटलं.

"कौसल्याताई, माका नुसते डोळे होये," ते म्हणाले. "बाकी काय्येक नको."

इथं महादेवभाऊंच्या कागदाबद्दल सांगायला हवं. संप सुरू झाल्यावर ट्रस्टनं ठरवलं, की संपकऱ्यांना दवाखान्यात औषध फुकट द्यायचं. नावं लिहून घ्यायला माणूस आला तेव्हा आम्ही नोकरीवाले कामावर आणि बाकी सगळा माळा कोकणात गेलेला. संपात मुंबईत बसून करायचं काय? गावी निदान कुळथाची पिठी तरी मिळायची. माळ्यावर एकटे महादेवभाऊ होते, म्हणून एकट्या त्यांच्या नावानं केसपेपर निघाला. पुढं माणसं परत आली, आजारी पडायला लागली, आणि शेजारून किसणी मागून आणावी तसा तो कागद मागून न्यायला लागली. महादेवभाऊंच्या दारामागच्या खिळ्याला तो टांगलेला असे. न्यायचा, औषध आणायचं आणि परत खिळ्याला लावायचा. विचारायचीही गरज नसे. मला महापालिकेचं मेडिकल होतं, पण सर्दीपडशासाठी इतक्या लांब कोण जातो? तेव्हा मीही नेत असे.

ही सवलत संपापुरती होती. पण संप मागे घेतल्याचं अधिकृतपणे कोणी जाहीरच केलं नाही. गिरण्या पडल्या, त्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी कागदोपत्री संप चालूच, त्यामुळे कागदही चालूच. डॉक्टर पितळ्यांना सगळं माहीत होतं. ते समोरच्या बाईची नाडी बघायचे आणि महादेवच्या नावावर लिहायचे. "कागद ज्याचा, आजार त्याचा," असं त्यांचं साधं तत्त्व होतं. पुढं पुढं त्या कागदाला पुरवण्या जोडून जोडून दिवाळी अंकाएवढी जाडी आली.

मी तो वाचत गेले आणि गंगाधर टाइप करत गेले. त्यात बऱ्याच गोष्टी महादेवभाऊंच्या नाहीत, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण कागदावर आहे ते उतरवायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही, हा नोंदणीचा पहिला नियम. नोंदणी कारकून डोकं चालवायला लागला तर गावोगाव मेलेली माणसं उठून बसतील.

शहाऐंशी सालापाशी गाडी अडली.

"बाई, हे घेत नाही," गंगाधर म्हणाले.

"काय घेत नाही?"

"गरोदरपण. पुरुषाला घेत नाही. सगळं लाल होतंय."

"मग ते राहू द्या."

"राहू द्या कसं? चौकट भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही." त्यांनी कान खाजवला, कुठंतरी काहीतरी दाबलं आणि म्हणाले, "घेतलं."

काय केलं ते मी विचारलं नाही. सरकारी असो की धर्मादाय, झालेलं काम कसं झालं हे विचारू नये.

ते माझगावला गेल्यावर कळलं. आम्ही बाकावर बसलो होतो. खिडकीतल्या मुलीनं पुकारलं, "श्रीमती महादेव परब!" महादेवभाऊ मिशीवरून हात फिरवत उठले. ऐकू नीट आलं होतं, पण हॉस्पिटलात वाद घालू नये असं त्यांचं मत होतं.

आतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी संगणकाच्या पडद्याकडे बघितलं, महादेवभाऊंकडे बघितलं, परत पडद्याकडे बघितलं.

"तुम्हाला चौऱ्याऐंशी साली हार्ट अटॅक आला होता?"

"इल्लो," महादेवभाऊ म्हणाले.

"एक्क्याण्णवला पेनिसिलिनची जबरदस्त रिअॅक्शन?"

"होय तर. मराची पाळी इल्ली."

"दोन हजार चारला रक्तात साखर?"

"आसतली."

मी त्यांना कोपरानं ढोसत होते, पण उपयोग नव्हता. त्यांना प्रत्येक दुखणं आठवत होतं, कारण प्रत्येक वेळी कागद त्यांच्याच दारातून गेला होता. कोणाला दुखलं ते डॉक्टरीणबाई विचारत नव्हत्या आणि हे आपण होऊन सांगत नव्हते.

"आणि शहाऐंशीपासून तुम्ही गरोदर आहात," बाई हळूच म्हणाल्या. "बाळंत झाल्याची नोंद नाही."

"अहो, पंचवीस वर्षं झाली त्याला!" मी म्हटलं.

"मला दिसतंय हो, आजी. मिश्याही दिसतायत. पण संगणक गरोदर बाईला तारीख देत नाही. त्यात हृदयविकार, साखर आणि रिअॅक्शन. मी हातानं तारीख लिहू शकत नाही. रेकॉर्ड दुरुस्त करून आणा."

बत्तीस वर्षांत मला कोणी 'दुरुस्त करून आणा' म्हटलं नव्हतं. ते वाक्य मी लोकांना म्हणत असे. परतताना टॅक्सीत महादेवभाऊच मला समजावत होते, "जावंदे ताई, मनाक लावन घेव नका."

संध्याकाळी गॅलरीत सभा भरली. आमचे बाबुराव म्हणजे बेस्टमधून निवृत्त झालेले तिकीट तपासनीस. सल्ला देताना ते अजूनही पुढच्याचं तिकीट मागितल्यासारखा हात पुढं करायचे.

"एकदम सोपं आहे. महादेव वारला म्हणून दाखवा. नवा कागद काढा, आणि सहदेव म्हणून त्याचा जुळा भाऊ गावाहून आला म्हणा."

"बाबुराव, मी जिवंत माणूस मारणार नाही."

"मारायचं कुठं, कागदोपत्री!"

"कागदोपत्रीच तर मी मारत होते आयुष्यभर. तिथं नियम असतो."

गंगाधरांनी नियम सांगितला तो वेगळाच होता. संगणकात एकदा गेलेला आजार पुसता येत नाही. फक्त दुसऱ्या रुग्णाच्या नावावर करता येतो. घेणाऱ्याची संमती पाहिजे आणि आजार त्याचाच असल्याचा वैद्यकीय पुरावा पाहिजे. थोडक्यात खोली नावावर करण्यासारखंच, फक्त खोली घ्यायला माणसं रांग लावतात. मी पिशवी घेतली आणि आजार वाटायला निघाले.

सुरुवात आमच्याच माळ्यावरच्या चंपापासून केली, कारण गरोदरपण तिचं होतं आणि ती भांडणारी नव्हती. "माझंच ते, द्या इकडं," असं म्हणून तिनं सही केली. गंगाधरांनी पुरावा मागितला. दुसऱ्या दिवशी ती पुरावा घेऊन आली. पुरावा पंचवीस वर्षांचा होता, दाढी राखलेला होता, बँकेत नोकरीला होता आणि अर्धी रजा टाकावी लागल्यामुळे वैतागलेला होता.

"आई, मी नक्की काय करायचं इथं?" दौलतनं विचारलं.

"काही नको, उभा राहा नुसता."

गंगाधरांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "हा तेव्हाचाच कशावरून?"

मी पिशवीतून दौलतच्या जन्मदाखल्याची प्रत काढून टेबलावर ठेवली. अक्षर माझं, खाली सही माझी. गंगाधर दोन मिनिटं गप्प बसले. त्या दोन मिनिटांसाठी मी त्यांना बाकीचं सगळं माफ केलं आहे. मग डॉक्टर पितळ्यांनी 'सदर इसम पुरुष असून मी त्यांस जातीने ओळखतो' असा दाखला दिला, आणि पंचवीस वर्षांनी महादेवभाऊ मोकळे झाले.

हार्ट अटॅक बाबुरावांचा होता. सगळ्या चाळीनं तो पाहिला होता. पण जुळे भाऊ सुचवणारे बाबुराव आता ओळखही दाखवेनात.

"तो गॅस होता."

"बाबुराव, तुम्हाला खुर्चीत बसवून खाली नेलं होतं."

"वाटाण्याची उसळ होती त्या दिवशी."

आतून त्यांच्या बायकोचा, गुणवंतीवहिनींचा आवाज आला, "घाम फुटला होता, डावा हात ठणकत होता, माझ्याकडे बघून 'सांभाळून राहा' म्हणाले. उसळ खाऊन कोणी बायकोला सांभाळून राहा म्हणतं का?"

खरी गोष्ट अशी, की बाबुरावांनी चारधामचं बुकिंग केलं होतं आणि ती यात्रा कंपनी हृदयाची माणसं नेत नव्हती. महादेवचे डोळे की माझा केदारनाथ, असा त्यांच्यापुढं प्रश्न होता, आणि त्यांचं उत्तर तयार होतं. शेवटी वहिनीच बाहेर आल्या. त्यांनी नवऱ्याचा सदरा धरला, डॉक्टरांकडे नेलं आणि छातीची ईसीजीची पट्टी काढून आणली. पट्टीत जुना झटका स्वच्छ दिसत होता. बाबुरावांनी सही केली, पण पुढं कित्येक दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं हृदय हिनं माझ्यावर लादलं, असं ते जिन्यात भेटेल त्याला सांगायचे.

तुळसाचं प्रकरण अवघड होतं. तुळसा शीव कोळीवाड्याची, रोज सकाळी आमच्या चाळीत मासळी घेऊन यायची. एकदा तिच्या हातात काटा मोडून हात सुजला, तेव्हा याच कागदावर तिला पेनिसिलिनची सुई दिली होती आणि ती दवाखान्याच्या पायरीवरच निळी पडली होती. ते स्वतःच्या नावावर घ्यायला ती तयार होईना.

"नको गं बाय. दुखणं लिवून ठिवलं का त्याला आपलं घर सापडतं."

"तुळसा, उलट आहे. लिहिलेलं असलं की डॉक्टर सावध होतो."

"तुजे डाक्तर सावध होतील. दुखणं काय शिकलेलं हाय?"

तेवढ्यात महादेवभाऊ भिंतीला धरत धरत जिना उतरून आले आणि टोपलीशी उकिडवे बसले. त्यांना आमचं बोलणं ऐकू गेलेलं नव्हतं. त्यांनी टोपलीतला एक मासा उचलून अगदी नाकाशी धरला.

"तुळसा, ही सुरमई कशी दिलंस?"

तो बांगडा होता. मालवणातल्या माणसाला बांगडा ओळखू येऊ नये, हे बघवत नव्हतं. तुळसानं पदरानं आधी हात पुसले, मग डोळे. "आन तो कागुद," ती मला म्हणाली. "कुटं अंगठा मारायचा त्ये दाखव." पुराव्याला डॉक्टर पितळेच होते. ती निळी पडलेली त्यांनी आयुष्यात विसरणं शक्य नव्हतं.

आता राहिली साखर. दोन हजार चार सालची एकच नोंद होती, साखर वाढलेली, पथ्य सांगितलं. कोणाची ते लिहिलेलं नाही. डॉक्टरांना आठवेना. महादेवभाऊंनी बरंच डोकं खाजवलं. "त्या वक्ताक पावस होतो," एवढंच त्यांना आठवलं. मी दार वाजवत साऱ्या माळ्यावर फिरले. प्रत्येक घरानं मला चहा दिला, तोही चांगला गोड, आणि प्रत्येकानं आपली साखर नाही म्हणून शपथ घेतली. तपासून घ्या म्हटलं तर म्हणाले, तपासलं की निघते. यातही तथ्य होतंच.

ज्येष्ठ अर्धा सरला. कारखान्यात मूर्तींना पहिला हात लागला. मालकानं काळाचौकीच्या कोणा आखणीवाल्याला निरोप धाडल्याचं कानावर आलं. त्या संध्याकाळी महादेवभाऊ गॅलरीत आपले ब्रश धुऊन वाळत घालत होते. ते वापरायला काढले होते की द्यायला, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले. "गंगाधर, साखर माझी आहे. माझ्या नावावर करा."

आयुष्यातली ती माझी पहिली खोटी नोंद. सहीचं अक्षर मात्र चांगलं आलं. नसलेला आजार दुसऱ्यासाठी अंगावर घेणारी बाई म्हणून आपण कशा दिसत असू, याचाही विचार मनात येऊन गेला. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

"पुरावा?" गंगाधर म्हणाले.

हे मी विसरलेच होते. रक्त तपासायला द्यायचं तर साखर निघायला हवी, आणि मी आयुष्यभर शिस्तीनं जेवणारी बाई. ती निघणार कुठून? मी लालबागहून पाव किलो पेढे आणले आणि दार लावून सगळे संपवले. वर एक वाटी आमरस घेतला. एखादी चोरी पुरी व्हावी म्हणून माणूस किती मेहनत घेतो! सकाळी रक्त देऊन आले. निकाल येईपर्यंत एकच काळजी, की साखर कमी निघाली तर लबाडी उघडी पडेल आणि महादेवभाऊंचे डोळे राहतील.

डॉक्टर पितळ्यांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला.

"कौसल्याताई, केव्हापासून आहे हे?"

"काय?"

"साखर. चांगलीच आहे. मागच्या तीन महिन्यांची काढलीय, तीही जास्तच."

मी आवाज खाली आणून त्यांना पेढ्यांची हकीकत सांगितली.

"पेढ्यांनी एक दिवसाची वाढते," डॉक्टर म्हणाले. "ह्या तपासणीत तीन महिने दिसतात. तीन महिने रोज पेढे खाल्लेत?"

नव्हते खाल्ले. मुंग्या येणारे पाय, रात्रीची तहान, हे सगळं मी वयाच्या खात्यात जमा केलं होतं. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या नावाच्या कागदावर लिहिल्या. जन्मभरात एकच खोटी नोंद करायला गेले, तर ती खरी निघाली. भिंतीवरच्या त्या पाटीकडे मात्र पुढं बरेच दिवस मी पाहिलं नाही.

ज्येष्ठ संपता संपता महादेवभाऊंचा एक डोळा झाला, लगोलग दुसरा. पट्टी सुटल्यावर त्यांनी पहिल्यांदा आदल्या वर्षीच्या मूर्तींचे फोटो मागवले. शेजारच्या गल्लीतल्या गणपतीचा फोटो त्यांनी खूप वेळ हातात धरला.

"ह्यो कोणी आखल्यान?"

आम्ही छताकडे बघायला लागलो.

"हात मोडूक होये मेल्याचे," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. फोटो खिशात घालून ते सरळ कारखान्यात गेले. काळाचौकीचा माणूस पाटावर बसलेला होता. तो उठला.

त्यानंतर पुष्कळ वर्षं गेली. चाळ पाडली, तिथं टॉवर झाला. मी सोळाव्या मजल्यावर राहते आणि शेजारी कोण राहतं ते मला ठाऊक नाही. बाबुराव केदारनाथला कधीच गेले नाहीत. दोन हजार चौदा साली वारले, गॅसनंच, असं त्यांच्या बाजूचे नातेवाईक सांगतात. गुणवंतीवहिनी मुलीकडे डोंबिवलीला असतात. तुळसाच्या पायात दोन हजार सोळा साली काटा गेला, तेव्हा ट्रस्टच्याच हॉस्पिटलात नर्सनं पेनिसिलिनची सुई भरून घेतली होती. पडदा लाल झाला म्हणून ती थांबली. तुळसा अजून टोपली घेऊन बसते. डॉक्टर पितळे गिरगावात भावाकडे राहायला गेले आणि तिथंच वारले. गंगाधरांना बढती मिळाली. नंतर नवा संगणक आला, त्यात जुन्यातलं निम्मं आलं नाही, आणि ते का आलं नाही हे समजावून सांगणं हेच आता त्यांचं काम आहे. दौलतला दोन मुली झाल्या. मी गोळ्या घेते. डॉक्टर म्हणतात, तेव्हा सापडली नसती तर पाय गेला असता, कदाचित मीही.

महादेवभाऊंनी पुढं आठ गणपती हंगाम आखणी केली. शेवटी शेवटी मान दुखायला लागली तेव्हा ब्रश खाली ठेवला. डोळे देण्याचं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. ते गेले त्या सकाळी नेत्रपेढीचा माणूस आला. आम्ही जुन्या माळ्यावरची होती नव्हती तेवढी माणसं जमलो होतो. त्यानं पेन काढून विचारलं, "यांना कुठले आजार होते?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

"त्यांना नव्हते हो," चंपा म्हणाली. "जे होते ते सगळे आमचे होते."

त्या माणसाला काही उमगेना. तो पेन तसाच धरून माझ्याकडे बघायला लागला.

"निरंक लिहा," मी म्हटलं.